पुश रोज रिजेक्ट होतं? आधी आपलं काम कुठं आहे ते पाहा

"सर, काल सारं सेव्ह केलं होतं ना जी. मंग आज कुठं गेलं?"

आर्वीच्या आमच्या क्लासमध्ये हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. बोलणारा बदलतो, वाक्य तेच. यंदा दिवाळीनंतर चार पोरांनी मिळून एक छोटं काम हाती घेतलं: कापूस वेचणीचा हिशोब ठेवणारं वेबपेज. कोणत्या बाईनं कोणत्या दिवशी किती किलो वेचला, किलोला काय दर, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हातात किती पैसे द्यायचे. चार जण, तीन गावं, गिटची एक रिपॉझिटरी. (गिट म्हणजे कामातल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, रिपॉझिटरी म्हणजे त्या नोंदींची वही.) आणि रोज तीच बोंब: पुश रिजेक्टेड, म्हणजे सामायिक वहीकडं काम पाठवलं आणि तिकडून नाकारलं.

सुरुवातीला मी एकेकाच्या मागं उभा राहून अडचण सोडवून द्यायचो. दोन आज्ञा टाकल्या, चाललं, पुढचा. पंधरा दिवसांनी तोच पोरगा तीच अडचण घेऊन हजर. तेव्हा कळलं, की पोरांना आज्ञा तोंडपाठ आहेत, शब्दांचे अर्थ नाहीत. सेव्ह, कमिट आणि पुश ही त्यांच्या लेखी एकाच गोष्टीची तीन नावं. एकदा हा घोळ डोक्यात बसला की पुढं रोज नवा एरर दिसतो, खरं तर दुखणं एकच असतं.

(आज्ञा इथं देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाकायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.)

काम एका वेळी चार ठिकाणी असू शकतं

कंट्रोल-एस दाबलं की फाइल डिस्कवर जाते. तिथं गिटचा काही संबंध नाही. या जागेला म्हणतात वर्किंग डिरेक्टरी. शेतात फुटलेला कापूस समजा. आहे तुमचाच, पण अजून झाडावर आहे. अवकाळी आला तर गेला.

'गिट ॲड' केलं की बदल स्टेजिंगमध्ये येतो. ही झाली कमरेची ओटी. ओटीत काय घ्यायचं ते वेचणारी ठरवते, कवडी, म्हणजे खराब कापूस, बाजूला ठेवते. तसंच पाच फाइली बदलल्या असतील तर त्यातल्या दोनच ॲड करता येतात. इथं हमखास फसायला होतं ते असं: ॲड केल्यावर त्याच फाइलमध्ये तुम्ही पुन्हा काही लिहिलं, तर ते नवीन लिहिलेलं स्टेजिंगमध्ये नसतं. ओटीत घेतल्यावर झाडाला नवं बोंड फुटलं, ते आपोआप ओटीत उडी मारत नाही. पुन्हा ॲड करावं लागतं.

'गिट कमिट' म्हणजे ओटी रिकामी झाली, गाठोडं काट्यावर चढलं आणि वहीत तारीख, नाव, किलो लिहिले गेले. ही वही तुमच्याच घरात आहे. तिचं नाव लोकल रिपॉझिटरी, आणि ती राहते प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या 'डॉट गिट' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये. प्रत्येक कमिटला 40 अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. पडद्यावर बहुतेक वेळा त्यातली पहिली सातच दिसतात, आणि बोलाचालीला तेवढी पुरतात.

'गिट पुश' म्हणजे ती नोंद बाहेरच्या सामायिक वहीत पोचवणं. ती सामायिक वही म्हणजे रिमोट. आमची गिटहबवर आहे. गिट आणि गिटहब या दोन वेगळ्या गोष्टी: गिट हा तुमच्या संगणकावर चालणारा प्रोग्राम, गिटहब ही रिमोट ठेवायची एक जागा.

कापसाची उपमा इथपर्यंतच पुरते. जिनिंगला गेलेला कापूस घरातून जातो. पुश केलेलं काम मात्र घरीही राहतं आणि तिकडंही. रिमोटवर जाते ती प्रत.

आता सांगा, "सेव्ह केलं होतं" म्हणजे नेमकं कुठपर्यंत? त्या दिवशी रोहण्याहून येणाऱ्या पोरीनं सेव्ह केलं होतं, कमिटही केलं होतं, पण खिडकीजवळच्या संगणकावर. दुसऱ्या दिवशी ती बसली दाराजवळच्या संगणकावर. तिचं काम कुठंच गेलं नव्हतं. खिडकीजवळच्या वहीत आरामात बसलं होतं.

स्टेटस वाचायची सवय लावा

काहीही अडलं की पहिली आज्ञा एकच: 'गिट स्टेटस'. पोरं ती चालवतात, पण वाचत नाहीत. लाल-हिरवा रंग बघून मोकळे होतात.

'अनट्रॅक्ड फाइल्स' दिसलं तर त्या फाइली गिटनं अजून ओळखीच्याही केलेल्या नाहीत. 'चेंजेस नॉट स्टेज्ड फॉर कमिट' म्हणजे काम झाडावर आहे. 'चेंजेस टू बी कमिटेड' म्हणजे ओटीत आहे. 'युवर ब्रँच इज अहेड ऑफ ओरिजिन/मेन बाय 3 कमिट्स' म्हणजे तीन नोंदी घरच्या वहीत झाल्या आहेत, बाहेर पोचलेल्या नाहीत. (ब्रँच म्हणजे नोंदींच्या एका रांगेला दिलेलं नाव; आमच्या ब्रँचचं नाव मेन, आणि ओरिजिन हे रिमोटचं नाव.) वरच्या पोरीनं खिडकीजवळच्या संगणकावर स्टेटस वाचलं असतं, तर उठण्याआधीच हे दिसलं असतं.

"स्टेटस म्हणते अप टू डेट, तरी पुश होऊन नाही राहिलं!"

ही तक्रार मला सगळ्यात रास्त वाटते. गिट इथं खोटं बोलत नाही, पण शब्द असे वापरतं की माणूस फसावाच.

स्टेटसमध्ये जे 'ओरिजिन/मेन' दिसतं, ते गिटहबवरचं मेन नव्हे. गिटहबवर मेन शेवटचं पाहिलं तेव्हा कसं होतं, याची ती तुमच्या संगणकावरची आठवण आहे. स्टेटस ही आज्ञा इंटरनेटला हातच लावत नाही. काल संध्याकाळी मोबाइलवर कापसाचा भाव पाहिला, आणि आज सकाळी कुणी विचारलं तर तोच सांगितला. तसा हा प्रकार. 'अप टू डेट' म्हणजे कालच्या भावाशी जुळतं, एवढंच.

मधल्या काळात खरांगण्याच्या पोरानं रात्री त्याचं काम पुश केलं. आता रिमोटच्या वहीत एक नोंद जास्त आहे आणि ती तुमच्याकडं नाही. तुम्ही आपलं कमिट करून पुश करता, रिमोट पाहतं की याची वही मधलं एक पान सोडून पुढं चालली आहे, आणि नाकारतं. 'फेच फर्स्ट' किंवा 'नॉन-फास्ट-फॉरवर्ड' असं काहीतरी छापतं. यात तुमची चूक नाही. उलट, न नाकारता घेतलं असतं तर त्या पोराची रात्रीची मेहनत पुसली गेली असती.

यावरचा उपाय:

'गिट फेच' केलं की ती आठवण ताजी होते. तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही, म्हणून ही आज्ञा केव्हाही बिनधास्त चालवा. यानंतर स्टेटस बघा, आता ते खरं बोलेल: एक कमिट इकडं, एक तिकडं. मग 'गिट पुल'. पुल म्हणजे फेच, आणि त्यापुढं आलेलं काम तुमच्या कामात मिसळणं, म्हणजे मर्ज. त्यानंतर पुश.

नव्या गिटमध्ये पुल करताना ते कधी कधी अडून बसतं आणि दोन वाटा कशा जुळवायच्या ते आधी सांगा म्हणतं. नवशिक्यांनी 'गिट कॉन्फिग डॅश डॅश ग्लोबल पुल डॉट रिबेस फॉल्स' एकदाच चालवावं, विषय मिटतो. रिबेस हा दुसरा मार्ग: तुमच्या नोंदी उचलून नव्या नोंदींच्या पुढं पुन्हा लिहिणं. इतिहास सरळ दिसतो, पण मर्ज नीट कळेपर्यंत त्या वाटेला जाऊ नका.

आणि एक हात जोडून विनंती. इंटरनेटवर शोधलं की कुणीतरी 'पुश डॅश डॅश फोर्स' करा असं सांगतोच. होतंही ते लगेच. फोर्स म्हणजे रिमोटला सांगणं, की तुझ्या वहीतलं फाड आणि माझं चिकटव. एकट्याच्या रिपॉझिटरीत ठीक. चौघांच्या कामात आमच्याकडं एकदा झालं, आणि दोन पोरं आठवडाभर एकमेकांशी बोलली नाहीत.

कॉन्फ्लिक्ट: दर दहा की बारा?

पुल केल्यावर दर वेळी मर्ज आपोआप होतं असं नाही. वेगवेगळ्या फाइली बदलल्या, किंवा एकाच फाइलच्या लांब लांबच्या ओळी बदलल्या, तर गिट मुकाट्यानं जुळवून टाकतं. एकच ओळ दोघांनी बदलली, की ते हात वर करतं. त्यालाच कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

आमच्या पानात एका ओळीत वेचणीचा दर होता, किलोला 9 रुपये. एकीनं त्याचा 10 केला, दुसऱ्यानं 12. फाइल उघडल्यावर आत विचित्र खुणा दिसल्या आणि पोरगं घाबरलं, "मी काईच नाही केलं जी, आपोआप आलं."

त्या खुणा अशा वाचायच्या. सात बाण डावीकडं तोंड केलेले आणि पुढं 'हेड': इथून तुमचं सुरू. मग सात बरोबरच्या खुणा: ही मधली धुऱ्याची रेघ. तिच्यापलीकडं समोरच्याचं, आणि शेवटी उजवीकडं तोंड केलेले सात बाण. धुऱ्याच्या अलीकडं 10, पलीकडं 12. खरं काय ते ठरवायचं, नको ती ओळ काढायची आणि तिन्ही खुणांच्या ओळीही काढायच्या. मग ॲड, मग कमिट, मग पुश. गोंधळ फारच झाला तर 'गिट मर्ज डॅश डॅश ॲबॉर्ट' म्हणा, पुलच्या आधी होतं तिथं परत येता.

खरं काय ते मात्र गिट सांगू शकत नाही. आमच्या त्या पोरानं बापाला फोन लावला. कळलं, की दोन्ही बरोबर आहेत: पहिल्या वेचणीला 10 होता, कापूस विरळ झाल्यावर 12 झाला. म्हणजे दर एका ओळीत ठेवणंच चुकलं होतं; तो तारखेप्रमाणं हवा होता. हा कॉन्फ्लिक्ट झाला नसता तर हिशोबच चुकला असता.

काळा पडदा

मर्जनंतर किंवा संदेशाशिवाय कमिट केल्यावर कधी कधी टर्मिनलमध्ये एक वेगळाच पडदा उघडतो, डाव्या कडेला नागमोडी खुणा असलेला. काही टाइप होत नाही, बाहेर पडता येत नाही. हा विम नावाचा एडिटर. गिटला तुमच्याकडून कमिटचा संदेश हवा आहे. एस्केप दाबा, मग कोलन, डब्ल्यू, क्यू, आणि एंटर. पोरं काय करतात, तर खिडकीच बंद करतात. मर्ज अर्धवट राहतं, आणि पुढच्या पुलला 'यू हॅव नॉट कन्क्लूडेड युवर मर्ज' असं येतं. अशा वेळी साधं 'गिट कमिट' करून ते मर्ज पूर्ण करा. रोज कमिट करताना 'डॅश एम' लावून अवतरणात संदेश लिहिला, की हा पडदा उघडतच नाही. संदेशात "चेंजेस" किंवा "फायनल" लिहू नका. "वेचणीचा दर तारखेप्रमाणं केला" असं लिहा.

सामायिक संगणकाची दुखणी

पुस्तकांत हे सापडत नाही, कारण पुस्तकं लिहिणाऱ्याकडं स्वतःचा लॅपटॉप असतो. आमच्याकडं चार संगणक आणि तीन बॅचेस.

पुश करताना 'परमिशन डिनाइड' किंवा 403 आलं, आणि त्यात दुसऱ्याच कुणाचं खातं दिसलं, तर सकाळच्या बॅचचं लॉगिन विंडोजनं जपून ठेवलेलं आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर, त्यात विंडोज क्रेडेन्शियल्स, तिथली गिटहबची नोंद काढा आणि पुन्हा पुश करा. ते लॉगिन मागेल. टर्मिनलमध्ये गिटहबचा पासवर्ड टाकून चालणार नाही. 13 ऑगस्ट 2021 पासून ते बंद आहे. ब्राउझरमधून लॉगिन करा किंवा खात्याच्या सेटिंगमध्ये टोकन बनवून पासवर्डच्या जागी ते टाका.

कमिट दुसऱ्याच्या नावानं दिसतंय? ते वेगळं प्रकरण. कमिटवरचं नाव लॉगिनवरून येत नाही, गिटच्या कॉन्फिगमधून येतं. 'ग्लोबल' लावून नाव टाकलं की विंडोजच्या त्या खात्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला तेच चिकटतं. आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, ग्लोबल न लावता, 'गिट कॉन्फिग युजर डॉट नेम' आणि 'युजर डॉट ईमेल' टाका. आधीच्या कमिटवरचं नाव त्यानं बदलणार नाही.

'नॉट अ गिट रिपॉझिटरी' आलं, तर बहुधा तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये उभे आहात. नाहीतर गिटहबवरून झिप उतरवली आहे. झिपमध्ये फक्त फाइली असतात, डॉट गिट नसतं, म्हणजे वही नाही. पेनड्राइव्हवर फाइली निवडून कॉपी केल्या तरी तेच होतं, कारण डॉट गिट लपलेलं असतं. 'गिट क्लोन' करा. त्यानं पूर्ण इतिहासासकट रिपॉझिटरी येते.

'सोर्स रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी' हा एरर बघून पोरं रडकुंडीला येतात. अर्थ साधा: तुमच्याकडं मेन नावाची ब्रँचच नाही. ऑक्टोबर 2020 पासून गिटहब नव्या रिपॉझिटरीच्या पहिल्या ब्रँचला मेन म्हणतं, पण संगणकावर 'गिट इनिट' केलं तर पुष्कळदा मास्टर नाव पडतं. 'गिट ब्रँच डॅश कॅपिटल एम मेन' केलं की नाव बदलतं. एकही कमिट केलेलं नसेल तरीही हाच एरर येतो, ते आधी पाहा.

एकानं काट्यावरच्या वजनाचा व्हिडिओच रिपॉझिटरीत टाकला. गिटहब 100 एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. त्यानं ती डिलीट केली, पुन्हा कमिट केलं, तरी पुश नाकारलं जातच राहिलं, कारण आधीच्या कमिटमध्ये व्हिडिओ तसाच आहे. आधी पुल करून घ्या, मग 'गिट रीसेट डॅश डॅश सॉफ्ट ओरिजिन/मेन' करा. पुश न झालेले कमिट सुटतात, काम स्टेजिंगमध्ये राहतं. स्टेजिंगमध्ये व्हिडिओ अजून दिसत असेल तर 'गिट रिस्टोअर डॅश डॅश स्टेज्ड' म्हणून तेवढा बाहेर काढा, त्याचं नाव 'डॉट गिटइग्नोर' फाइलमध्ये (गिटनं सोडून द्यायच्या फाइलींची यादी) लिहा आणि नव्यानं कमिट करा.

लाइट गेली तर

आमच्याकडं हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. लाइट गेली की राउटर बंद, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला गॅलरीत उभं राहिल्याशिवाय रेंज नाही. तरी कमिट करा. कमिटला इंटरनेट लागत नाही. सबव्हर्जनसारख्या जुन्या पद्धतीत कमिट थेट सर्व्हरवरच जायचं, नेट नसलं की हात बांधलेले. लिनस टोरवाल्ड्सनं 2005 मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी गिट लिहिलं ते प्रत्येकाच्या घरी पूर्ण वही राहील अशा बेतानं. त्याच्या डोळ्यांसमोर जगभर विखुरलेले लिनक्सवाले होते, आर्वी नव्हती. पण आमचं मस्त जमून गेलं. दिवसभर कमिट करायचे, रेंज आली की एकदाच पुल आणि पुश.

खरंच गेलं असेल तर

कमिट झालेलं काम सहसा जात नाही. चुकीचा रीसेट केला, ब्रँच उडवली, तरी 'गिट रिफलॉग' चालवा. तुम्ही कुठं कुठं होतात त्याची यादी येते. हवी ती नोंद दिसली की 'गिट ब्रँच' म्हणून एखादं नाव लिहा आणि पुढं तो क्रमांक टाका. काम त्या ब्रँचवर परत येतं. ही यादी साधारणपणे 90 दिवस टिकते, आणि कोणत्याच ब्रँचला न जोडलेल्या नोंदी 30 दिवस, म्हणून महिना उलटू देऊ नका. ती फक्त त्याच संगणकावर असते हेही लक्षात ठेवा.

कमिट न केलेल्या कामावर 'गिट रिस्टोअर' किंवा 'रीसेट डॅश डॅश हार्ड' चालवलं असेल, तर गिटकडं सहसा द्यायला काही नसतं. एडिटरमध्ये फाइल अजून उघडी असेल तर कंट्रोल-झेड दाबून बघा. माझ्याकडं दोनदा त्यानंच वाचवलं. काम अर्धवट आहे आणि कमिट करावंसं वाटत नाही, अशा वेळी 'गिट स्टॅश' करून बाजूला ठेवा आणि 'गिट स्टॅश पॉप'नं परत घ्या.

पुश झालेलं चुकीचं कमिट काढायला मात्र रीसेट वापरू नका, 'गिट रिव्हर्ट' वापरा. पटवाऱ्याकडची फेरफार नोंदवही, गाव नमुना 6, आठवा. जमीन विकली म्हणून जुना फेरफार कुणी फाडत नाही. नवा फेरफार चढतो, आणि सातबाऱ्यावर जुन्या नावाच्या जागी नवं नाव लागतं. रिव्हर्ट असंच, चुकीच्या नोंदीला उलट करणारी नवी नोंद घालतं. दोन्ही वहीत राहतात, आणि बाकीच्या तिघांच्या वह्यांशी भांडण होत नाही.

एवढं करूनही अडलं, तर मला विचारायला येताना 'गिट स्टेटस' आणि 'गिट लॉग डॅश डॅश वनलाइन' यांचं सगळं छापलेलं कॉपी करून आणा. स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला तिरपा फोटो नको. त्यात नेमकी खालची, कामाची ओळ कापलेली असते.